लेख एआयने लिहिलाय का, हे ओळखायचं कसं आणि थांबायचं कुठे

ठाण्यात गणपतीपासून दिवाळीपर्यंत निबंध स्पर्धा, कथा स्पर्धा, सोसायटीचा अंक असं काही ना काही चालूच असतं, आणि चॅटजीपीटी आल्यापासून परीक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतोय, हे पोराने लिहिलंय की मशीनने? मी एका वाचनालयाच्या स्पर्धेसाठी निबंध वाचते, आणि ऐरोलीत एचआरला असलेली एक मैत्रीण आहे, तिच्याकडे इंग्रजी कव्हर लेटरचा ढीग, त्यामुळे हा विषय आमच्याकडे चहाबरोबर असतोच. खाली पद्धत क्रमाने लिहितेय. आधीच सांगून ठेवते, यातून बहुतेक वेळा हातात संशय येतो, पुरावा क्वचित. संशय आणि पुरावा यात गल्लत झाली की एखाद्या निर्दोष पोराची वाट लागते, म्हणून लेख थोडा लांब झालाय.

आधी ठरवा, कळून करायचंय काय

हे कुणीच करत नाही. व्हॉट्सॲपवर आलेला "पावसाळ्यात काय खावं" टाइप फॉरवर्ड एआयने लिहिला की नाही याने काय फरक पडतो, त्यातली माहिती खरी आहे का एवढंच बघा. कव्हर लेटरचं पण तसंच, तुम्ही जाहिरातीत एआय वापरू नका असं लिहिलंच नसेल तर उमेदवाराने वापरलं म्हणून त्याला चोर ठरवता येत नाही. पण शाळेचे मार्क, स्पर्धेचं बक्षीस, कॉलेजचा प्रोजेक्ट, इथे कुणाचं तरी नुकसान होतं, तर तिथे जास्त खात्री लागते. जेवढी शिक्षा मोठी तेवढा पुरावा भक्कम हवा, हे मनाशी पक्कं करून मगच कागद हातात घ्या.

टूलपासून सुरुवात करू नका

सगळे इथूनच सुरुवात करतात. मजकूर कॉपी केला, एखाद्या फुकट डिटेक्टरमध्ये टाकला, लाल अक्षरात "८२ टक्के एआय" आलं, निकाल लागला. तर हे टूल आत काय करतं ते थोडक्यात बघू. भाषेचं मॉडेल प्रत्येक ठिकाणी पुढचा शब्द कुठला येईल याचा अंदाज बांधतं. तुमच्या मजकुरातले शब्द त्या अंदाजाप्रमाणेच येत गेले तर टूल म्हणतं हे मशीनचं, अनपेक्षित येत गेले तर म्हणतं माणसाचं. या अनपेक्षितपणाला पर्प्लेक्सिटी म्हणतात. दुसरं माप म्हणजे बर्स्टिनेस, वाक्यं लहानमोठी, वरखाली होतात का ते. २०२३ च्या जानेवारीत प्रिन्स्टनच्या एका विद्यार्थ्याने, एडवर्ड टियानने, जीपीटीझीरो काढलं ते या दोन मापांवर. आता टूल्स पुढे गेलीत पण मूळ अडचण तिथेच आहे, सरळसाधं, नियमाला धरून लिहिणारा माणूस पण अपेक्षितच शब्द वापरतो.

आता आकडे बघा. खुद्द ओपनएआयने, म्हणजे चॅटजीपीटी बनवणाऱ्यांनीच, ३१ जानेवारी २०२३ ला स्वतःचा डिटेक्टर आणला होता. त्यांच्याच चाचणीत तो एआयच्या मजकुरातला फक्त २६ टक्के पकडायचा आणि माणसाने लिहिलेल्यातला ९ टक्के चुकून एआयचा ठरवायचा. त्याच वर्षी जुलैमध्ये, अचूकता कमी आहे असं सांगून, त्यांनी तो बंद केला. हे आकडे आपल्या स्पर्धेला लावून बघा. १०० निबंध आले, समजा त्यातले २० एआयचे. टूल पकडणार साधारण ५. उरलेल्या ८० खऱ्यांपैकी चुकून पकडणार साधारण ७. म्हणजे टूलने ज्या १२ जणांवर बोट ठेवलं त्यातले निम्म्याहून जास्त निर्दोष, आणि १५ लबाड आरामात बाहेर. आजची टूल्स यापेक्षा बरी असतील, तरी हे गणित प्रत्येक वेळी करायचं, कारण खरे लिहिणारे संख्येने जास्त असले की थोडीशी चूक पण खूप जणांना लागते. अमेरिकेच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने हेच गणित मांडलं होतं, वर्षाला ७५ हजार पेपर, चूक अगदी १ टक्का धरली तरी ७५० पेपरांवर खोटा आळ, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये टर्नइटिनचं, म्हणजे पेपरातली नक्कल पकडायच्या सॉफ्टवेअरचं, एआय ओळखणारं फीचर बंद करून टाकलं.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही, त्यांना तर जास्तच फटका. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये टोफेल परीक्षेचे (इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांची इंग्रजीची परीक्षा) ९१ निबंध सात डिटेक्टरमधून काढले, सगळे माणसांनी लिहिलेले, तरी सरासरी ६१ टक्क्यांहून जास्त एआयचे ठरले. अमेरिकन आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे सुटले. आणि गंमत म्हणजे तेच टोफेलचे निबंध चॅटजीपीटीकडून भारी शब्द घालून घेतले तेव्हा संशय कमी झाला! मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे कोपरखैरण्याचा मराठी मीडियमचा पोरगा प्रामाणिकपणे साधं इंग्रजी लिहील तो अडकणार, आणि ज्याने मशीनकडून घासूनपुसून घेतलं तो पास. हो, तेच.

मराठीचं विचारूच नका. ही टूल्स मुख्यतः इंग्रजीवर शिकवलेली, ओपनएआयने तर त्यांचा डिटेक्टर इंग्रजीपुरताच वापरा असं तेव्हाच सांगितलं होतं. मराठी मजकूर टाकून आलेल्या टक्क्याला मी शून्य किंमत देते. आणि चॅटबॉटलाच "हे तू लिहिलंस का" विचारणं तर अजिबात नको. मे २०२३ मध्ये टेक्सासमधल्या एका प्राध्यापकाने तसं विचारलं, बॉट हो म्हणाला, आणि अख्ख्या वर्गाचे मार्क लटकले. बॉटला स्वतःचं जुनं लिखाण आठवत नसतं, तो तुम्हाला पटेल असं उत्तर देतो, बस.

गूगलने सिंथआयडी नावाची अदृश्य खूण काढलीय, शब्द निवडतानाच एक पॅटर्न पेरायचा आणि नंतर तो शोधायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात त्यावर पेपर आला. पण ती मुख्यतः गूगलच्याच मॉडेलमध्ये, आणि मजकूर नीट फिरवून लिहिला किंवा भाषांतर केला की खूण पुसट होते. आपल्या कामाला सध्या उपयोग कमीच.

मग बघायचं काय? आधी राहिलेला कचरा

कॉपी-पेस्ट करणारा माणूस घाईत असतो. सुरुवातीला "नक्कीच! खाली तुमच्यासाठी निबंध दिला आहे" किंवा शेवटी "हवं असल्यास मी हा निबंध अजून सोप्या भाषेत लिहून देऊ शकतो" असं तसंच राहिलेलं मी खरोखर बघितलंय, सहीसकट. चौकोनी कंसात "तुमचे नाव" किंवा "शाळेचे नाव". व्हॉट्सॲपवर आलेल्या मजकुरात शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे दिसले तर बघा, कारण व्हॉट्सॲपवर बोल्ड करायला एकच तारा लागतो, माणूस दोन कशाला टाकेल, दोन तारे ही चॅटबॉटची सवय. लिंक दिली असेल तर तिच्या शेपटीला यूटीएम सोर्स (लिंक कुठून आली ते सांगणारी खूण) आणि पुढे चॅटजीपीटी असं कधी कधी चिकटलेलं असतं, पण त्यावरून लिंक चॅटजीपीटीतून शोधली एवढंच सिद्ध होतं, लेख त्याने लिहिला असं नाही.

हा कचरा सापडला तर तो या सगळ्या पद्धतीतला सगळ्यात भक्कम पुरावा. न सापडला तर काहीच सिद्ध होत नाही.

मोठ्याने वाचा

आता मुख्य काम. मजकूर मोठ्याने वाचायचा. मी एक नमुना स्वतःच बनवलाय, उपवन तलावावर, पण या छापाचे तुम्ही पण वाचले असतील:

"ठाणे शहराच्या मध्यभागी वसलेला उपवन तलाव हा केवळ एक जलाशय नसून तो शहराच्या समृद्ध वारशाचे प्रतीक आहे. कोवळी सूर्यकिरणे, पक्ष्यांचा किलबिलाट आणि थंडगार वाऱ्याची झुळूक मनाला एक वेगळीच शांतता प्रदान करतात. येथे येणारा प्रत्येक व्यक्ती दैनंदिन जीवनातील ताणतणाव विसरून निसर्गाशी एकरूप होतो. आपण मागच्या वर्षी कुटुंबासोबत तिथे गेलो होतो आणि तो अनुभव अविस्मरणीय होता."

पहिली गोष्ट, उपवन मध्यभागी कुठेय? ते येऊरच्या पायथ्याशी, मध्यभागी म्हणाल तर मासुंदा, म्हणजे तलावपाळी. दुसरं, "केवळ अमुक नसून तमुक आहे" हा साचा, एकदा आला तर ठीक, दर परिच्छेदात आला तर कान टवकारा. तिसरं, गोष्टी तीन-तीनच्या जोडीने येतात, किरणं, पक्षी, वारा, आणि तिन्ही कुठल्याही गावच्या कुठल्याही तलावाला चालतील. चौथं, "येणारा प्रत्येक व्यक्ती". मराठीत ती व्यक्ती, येणारी. "प्रदान करणे" पण बोलण्यात कोण वापरतं? पाचवं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते "आपण". वाचणारा काही त्यांच्याबरोबर गेला नव्हता, तिथे "आम्ही" पाहिजे. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे मशीन तिथे घसरतं, पण मराठी घरात वाढलेलं पाचवीचं पोर पण ही चूक सहसा करत नाही. तसंच तू आणि तुम्ही एकाच पत्रात मिसळणं, किंवा मुलीचा निबंध "मी गेले, मी बघितलं" असा चालू असताना मध्येच "मी थांबलो" होणं.

आणि काय नाहीये ते बघा. "म्हणे" नाही, "बरं का" नाही, "च" आणि "की" जिथे जोर द्यायला यायला पाहिजेत तिथे नाहीत. कुणाचा राग नाही. रविवारी संध्याकाळी उपवनला गाडी लावायला जागा मिळत नाही ही तक्रार नाही, जी कुठल्याही ठाणेकराच्या तोंडी पहिल्या मिनिटात येते.

पण थांबा, इथेच मोठा खड्डा आहे. आपण सगळे शाळेत काय लिहीत होतो? "आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे." निबंधाच्या गाइडमधून पाठ केलेलं, सुभाषिताने सुरुवात, सुविचाराने शेवट. सरकारी पत्रं, पेपरातले अग्रलेख, सत्कार समारंभाची भाषणं, सगळीकडे "मोलाची भूमिका" आणि "अनमोल योगदान". हे एआयच्या कितीतरी आधीचं. मशीनने ते आपल्याकडूनच उचललंय. म्हणून साचेबंद भाषा दिसली म्हणजे मशीन, असं धरलं तर निम्मे मराठी शिक्षक अडकतील. आमच्याकडे एका मुलीचा निबंध असाच गुळगुळीत आला होता, दोन परीक्षक म्हणाले हा एआयच, बोलावलं तर कळलं आजी निवृत्त शिक्षिका, तिने सुरुवात-शेवट घोटून घेतलेत, पोरीने तिथल्या तिथे दुसऱ्या विषयावर त्याच थाटात दोन परिच्छेद लिहून दाखवले. साचेबंद भाषा, व्याकरणाची अशी परकी चूक आणि जागेची चुकीची माहिती, तिन्ही एकत्र आली तरच मी पुढच्या पायरीवर जाते.

माहिती तपासा, विशेषतः आपल्या भागातली

ठाण्यावर निबंध म्हटला की १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, ४०० प्रवासी, हे सगळं येतं. खरं आहे, पण पाठ केलेलं आहे, मशीनला पण पाठ, गाइडला पण पाठ. त्याऐवजी रोजच्या वापरातल्या गोष्टी बघा. एका गोष्टीत नायिका "ऐरोलीहून पनवेल लोकल पकडून वाशीला उतरली" असं होतं. ट्रान्स हार्बरवर, म्हणजे ठाणे-नवी मुंबई लोकलने, रोज जाणाऱ्याला माहीत असतं की ठाण्याहून आलेली पनवेल गाडी तुर्भ्यानंतर जुईनगर-नेरुळकडे वळते, वाशीला जायचं तर वाशीचीच गाडी पकडावी लागते. स्टेशनांची नावं सगळी बरोबर, प्रवास चूक. दुसऱ्या एकात सीवूड्सला जुलैच्या धो धो पावसात फ्लेमिंगोंचे थवे. पाऊस लागला की ते बहुतेक निघून जातात, नेरुळ-सीवूड्सच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. अर्थात लिहिणारा नागपूरचा असेल तर तो पण अशी चूक करेल, म्हणून आधी विचारा राहतो कुठे.

लेखात पुस्तकांचे, अहवालांचे, कोर्टाच्या निकालांचे दाखले असतील तर एकूण एक उघडून बघा. न्यूयॉर्कमध्ये जून २०२३ ला वकिलांना ५ हजार डॉलर दंड झाला, कारण चॅटजीपीटीने दिलेले, अस्तित्वातच नसलेले खटले त्यांनी कोर्टात दाखल केले होते. खोटा दाखला सापडला की एआय होतं का हा वाद घालायची गरजच उरत नाही, खोटा दाखला हाच गुन्हा, मार्क कापायला तेवढं पुरे. संतांच्या नावावर खपवलेल्या ओळी मात्र वेगळ्या, त्या व्हॉट्सॲपवर एआयच्या आधीपासून फिरतायत.

लिहिलं कसं, ते बघा

तयार मजकूर कितीही चाळला तरी एका हद्दीपुढे काही कळत नाही. त्यापेक्षा तो तयार कसा झाला ते बघणं सोपं. गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर फाइल मेनूमधून व्हर्जन हिस्टरी उघडायला सांगा. माणसाचं लिखाण थांबत थांबत वाढतं, वाक्य खोडलं, परिच्छेद वर नेला, दुसऱ्या दिवशी शेवट बदलला. अख्खे ९०० शब्द एका मिनिटात अवतरले तर प्रश्न विचारायला जागा आहे. वर्डमध्ये फाइलच्या माहितीत एकूण किती मिनिटं एडिटिंग झालं ते दिसतं. पण लगेच निकाल देऊ नका, कुणी फोनवर नोट्समध्ये लिहून मग पेस्ट करतं, कुणी बोलून टाइप करतं तेव्हा मजकूर असाच ढीगाने येतो, आणि मराठी टायपिंगचा कंटाळा म्हणून बरेच जण कागदावर लिहून दुसऱ्याकडून टाइप करून घेतात.

हस्तलिखितात तर वेगळीच मजा, पोरं मोबाईल बघून वहीत उतरवतात. तिथे खाडाखोड बघा. स्वतः लिहिणारा शब्द बदलतो, "सुंदर" खोडून "मस्त" करतो, बाण काढून वाक्य घुसवतो. उतरवणारा शब्द बदलत नाही, तो ओळ गाळतो. दोन ओळींत "तलावाच्या" आलं असेल तर नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारते आणि मधलं वाक्य गायब. जोडाक्षरं अर्धवट, वाक्य अर्थ लागत नाही असं तुटलेलं. पण पक्का करताना कच्च्यावरून उतरवलं तरी हेच होतं, म्हणून कच्ची वही मागा.

त्याच माणसाचं जुनं लिखाण मिळालं तर सोन्याहून पिवळं. अचानक सुधारणा म्हणजे चोरी असं नाही, सुट्टीत वाचन वाढलं असेल, पण सवयी बघा, तो "पाहिजे" लिहितो की "हवं", "झालं" की "झाले", स्वल्पविराम टाकतो का. सवय एका रात्रीत बदलत नाही सहसा.

बोला

शेवटी हेच करायचं असतं. एकट्याला बोलवा, वर्गासमोर नाही, आणि आरोपाने सुरुवात करू नका. "हा दुसरा परिच्छेद छान झालाय गं, आधी असाच होता का?" असं विचारलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "नाही मॅडम, आधी आजोबांच्या दारूचं लिहिलं होतं, आई म्हणाली घरातलं बाहेर नको, म्हणून काढलं." विषय संपला. काय काढलं, कुठे अडलं, कुठला शब्द कुणाला विचारला, हे लिहिणाऱ्याला आठवतं. उतरवणारा म्हणतो "असंच सुचलं". पण लाजरं पोर पण "असंच सुचलं" म्हणतं, म्हणून तेवढ्यावर न थांबता कागद-पेन द्या, वीस मिनिटं, त्याच विषयाचा पुढचा भाग लिही म्हणा. दर्जा थोडा खाली येणारच, समोर परीक्षक बसलेत, पण आवाज तोच आहे का ते कळतं.

आणि मधल्या शक्यता विसरू नका. मराठीत लिहून गूगलने इंग्रजी केलं, शुद्धलेखन एआयकडून तपासलं, मुद्दे एआयकडून घेतले आणि लिहिलं स्वतः. हे सगळं एकाच मापाने मोजणं अन्याय आहे, आणि काय चालतं काय नाही हे तुम्ही आधी सांगितलं नसेल तर चूक तुमची पण आहे. आमच्या नियमात आता सरळ लिहिलंय, शुद्धलेखन तपासलं तर चालेल, वाक्यं मशीनची नकोत, कच्चा मसुदा जपून ठेवा, अंतिम फेरीत गप्पा होतील. विषय पण बदलले. "माझे आवडते शहर" काढलं आणि "आमच्या बिल्डिंगमधलं पाण्याचं भांडण" दिलं. मशीन त्यावर पण लिहितं, नाही असं नाही, पण कुठल्या मजल्यावरच्या काकू टँकरवाल्याला काय बोलल्या ते त्याला कुणीतरी सांगावं लागतं, आणि एवढं सांगितल्यावर पोराचा अर्धा निबंध झालेलाच असतो.

एवढं करूनही संशयच राहिला तर बक्षीस देऊन टाका. मी तरी देते.

आळ तुमच्यावरच आला तर

कॉलेजच्या मुलांसाठी हे. टूलचा रिपोर्ट मागा, कुठलं टूल, कुठल्या भाषेसाठी बनलंय, टक्का म्हणजे नक्की काय मोजलंय ते लेखी विचारा. ओपनएआयचे २६ आणि ९ टक्के, स्टॅनफर्डचे ६१ टक्के, हे आकडे अर्जात टाका. मूळ फाइल जशी आहे तशी ठेवा, नवीन नावाने सेव्ह करू नका कारण कॉपीमध्ये जुनी हिस्टरी येत नाही, आणि स्क्रीनशॉट देण्यापेक्षा हिस्टरी थेट समोर बसून उघडून दाखवा. कच्च्या वहीचे फोटो काढून ठेवा. आणि तिथल्या तिथे लिहून दाखवायची तयारी आहे असं अर्जात स्वतःहून लिहा.